दर्भाचा कावळा

पान गच्चीच्या कठड्यावर ठेवून मी चार पावलं मागं सरलो, तोच खिशातला फोन वाजला. २९ सप्टेंबर २०२४, रविवार. पितृपक्षातली द्वादशी, वडिलांची तिथी. पानावर खीर होती, वडे होते, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. वडील जेवायला बसले की त्यांना हात लांब करावा लागू नये, तसंच आईनं सगळं मांडलं होतं. कावळ्याचा पत्ता नव्हता. अजिंक्यताऱ्यावर ढग बसला होता आणि शेजारच्या दोन-तीन गच्च्यांवर आमच्यासारखीच माणसं आपापल्या पानापासून चार पावलं मागं, मान वर करून उभी होती.

फोनवर सांगलीचा भाचा. ‘‘मामा, आली!’’

‘‘कारवी?’’ मी विचारलं. त्या दिवसांत साताऱ्यातल्या माणसाला कुणाचाही फोन आला तरी तो बहुतेक कासच्या फुलांसाठीच असतो.

‘‘कारवी कुठली! उझुमाकी.’’

सतरा वर्षांचा मुलगा, बारावीचं वर्ष, पण आवाज पाचवीतल्या पोरासारखा चिरकला होता. पाच वर्षं तो या एका जपानी मालिकेची वाट बघत होता. त्याच्यामुळं मीही बघत होतो. अमेरिकेतल्या वाहिनीवर शनिवारी मध्यरात्र उलटल्यावर पहिला भाग लागला, तेव्हा आपल्याकडं रविवारची सकाळ होती. ‘‘मी बघितलेला नाही अजून,’’ तो म्हणाला. ‘‘तू येशील तेव्हा बघू.’’ फोन ठेवून मी पुन्हा मान वर केली.

उझुमाकी म्हणजे वेटोळं, भोवरा. आपला भोवरा हा शब्द मला फार आवडतो. नदीतला भोवरा माणूस गिळतो, अंगणातला लाकडी भोवरा जाळीनं फिरतो, आणि न्हाव्याकडं बसलं की तो टाळूवर बोट ठेवून सांगतो, इथं भोवरा आहे, केस उभे राहणार. ज्याच्या डोक्यावर दोन भोवरे त्याची दोन लग्नं, असं आजी म्हणायची. एकच आकार, पण पाण्यात भीती, मातीत खेळ आणि डोक्यावर नशीब. जुंजी इतो या चित्रकारानं नेमकं हेच हेरलं असावं. हा माणूस आधी दातांच्या कवळ्या तयार करण्याचं काम करायचा, मग तो चित्रकथांकडं वळला. १९९८-९९ मध्ये त्यानं ‘उझुमाकी’ काढली. एका लहान गावाला कुणा भुताची नाही, तर एका आकाराची बाधा होते. गोगलगायीच्या पाठीवर, कुंभाराच्या मडक्यावर, केसांत, कानाच्या आतल्या शंखात तो दिसू लागतो. एक बाप त्या आकारापायी इतका वेडावतो की शेवटी लाकडी पिंपात स्वतःच्या देहाचंच वेटोळं करून मरतो. त्याला जाळल्यावर धूरसुद्धा सरळ वर जात नाही. आकाशात वळत वळत जातो आणि गावातल्या तळ्यात उतरतो.

भाच्याला ही गोष्ट कधी भेटली हे मला नीट आठवतं, कारण ते २०१९ साल होतं.

सांगलीत पावसाळ्यात लोक एकमेकांना ‘कसं काय’ विचारत नाहीत, ‘पाणी किती’ विचारतात. म्हणजे १९२९ सालच्या आयर्विन पुलाखाली कृष्णा किती फुटांवर आहे. चाळीस फूट झाले की इशारा, पंचेचाळीस झाले की धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये हा आकडा ५७.५ फुटांवर गेला. ताईचं घर गावभागात, दुसऱ्या मजल्यावर. खालचा जिना एकेक पायरी करत पाण्याखाली गेला. तेव्हा भाचा सातवीत होता. होडी येईपर्यंत खिडकीत बसून तो खालची गल्ली बघत राहिला. गल्ली जिथं वळते, त्या कोपऱ्यावर पाणी अडून गरगर फिरत होतं आणि त्यात कुणाची तरी प्लॅस्टिकची निळी बादली चार तास नुसती फिरत होती. बुडतही नव्हती, वाहूनही जात नव्हती. पुढं गणपतीला ही सगळी साताऱ्याला आली तेव्हा त्याच्या वहीच्या मागच्या पानांवर भोवरे होते. पेननं कागद फाटेस्तोवर गिरवलेले. आईनं ते पाहिले आणि वही हळूच मिटून ठेवली.

त्याच दिवसांत माझ्या फोनवर त्याला ती झलक सापडली. ‘उझुमाकी’ची मालिका होणार, रंगीत नाही, चित्रकथेसारखीच काळ्या शाईची. काही क्षणांचंच चित्र, पण त्यातली प्रत्येक रेघ जिवंत होती, जणू एखाद्यानं पानं उलटता उलटता त्यांच्यात वारं सोडलं होतं. मागं सॅक्सोफोन, कॉलिन स्टेटसनचा. सनईवाले नाकानं श्वास घेत सूर तुटू देत नाहीत, तसा हाही श्वास वळवत राहतो आणि सूर संपतच नाही. भाच्यानं झलक परत परत लावली. पुरानंतर पहिल्यांदा तो काहीतरी टक लावून बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आपल्याला दिसलं ते जगात आणखी कुणाला तरी दिसलेलं आहे, असं काहीसं त्याच्या डोळ्यांत होतं.

मालिका २०२० मध्ये येणार होती. मग महासाथ आली आणि तारीख २०२१ वर गेली. नंतर ऑक्टोबर २०२२, आणि त्यानंतर तर तारीखच उरली नाही. दर खेपेला भाचा मला कळवायचा, एखाद्या लांबलेल्या लग्नाची बातमी द्यावी तसं. दरम्यान त्याला मिसरूड फुटलं. चित्रकथेची तिन्ही पुस्तकं त्यानं दिवाळीच्या पैशांतून घेतली. ती उजवीकडून डावीकडं वाचायची असतात हे त्यानं मला शिकवलं आणि मला पहिल्या चार पानांनंतर सवय झाली. जगभरातले लोकही असेच थांबले होते. न आलेली ही मालिका त्या काळात सगळ्यात श्रेष्ठ ठरून गेली होती. न पाहिलेल्या गोष्टीची एवढी कीर्ती मी आयुष्यात दुसऱ्या कशाची पाहिली नाही.

एकच अपवाद, कास. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या स्थळांबरोबर त्याचं नाव जागतिक वारशात गेलं आणि तेव्हापासून सप्टेंबरात आमच्या गावावरून गाड्यांची रांग जाते. लोक येतात ते फोटो पाहून. फोटोत क्षितिजापर्यंत जांभळा-पिवळा गालिचा असतो. पठारावर पाय ठेवला की समोर धुकं, पायाखाली कातळ, मध्ये मध्ये डबकी, आणि फुलं म्हणावी तर कुठं पुंजका, कुठं पट्टा. ‘हेच का कास?’ हे वाक्य मी तिथं इतक्यांदा ऐकलंय की ऐकणाऱ्याचाच जीव कसनुसा होतो. मी पाहुण्यांना घेऊन जातो तेव्हा आधी उकिडवं बसायला लावतो. ओल्या कातळावर सीतेची आसवं असतात, निळसर जांभळी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. उभ्यानं ती दिसत नाहीत. ज्याला गालिचा हवा असतो तो त्यांच्यावरून चालत जातो. टोपली कारवीचं तर आणखी कठीण, ती सात वर्षांतून एकदा फुलते. मधल्या सहा वर्षांत आलेल्या माणसाला काय सांगायचं? मी सांगत काही नाही, नुसती झुडपं दाखवतो.

नवरात्रातल्या शनिवारी, ५ ऑक्टोबरला, मी सांगलीला गेलो. ताईकडं घट बसलेले, माळ तिसरी. रात्री जेवणं आटोपल्यावर भाच्यानं खोलीतला दिवा घालवला.

पहिल्या भागाबद्दल मी काय लिहू? पाच वर्षं वाट बघितल्यावर समोर येणारी गोष्ट वाट बघण्याइतकीच असावी, हे क्वचित होतं, आणि त्या रात्री ते झालं. भिंतीवरच्या गोगलगायीकडं टक लावून उभा असलेला तो बाप दिसला आणि भाच्यानं माझं मनगट धरलं. इतोच्या पानावरच्या बारीक आडव्या-उभ्या रेघा तशाच होत्या, आणि त्या हलत होत्या. गवत हललं की प्रत्येक पात्याची शाई हलत होती. माणसांच्या चेहऱ्यावरची सावली मान वळली तशी वळत होती. गोष्ट घाईनं पळत होती, ज्या प्रसंगाला पुस्तकात पानंच्या पानं आहेत तो पाच मिनिटांत उरकत होता, हे मला खटकलं. पण तो धूर आकाशात वळू लागला तेव्हा मला सगळ्याचा विसर पडला. मला वडिलांच्या दहाव्याचा माहुलीचा घाट दिसला. भाग संपल्यावर आम्ही बराच वेळ दिवा लावला नाही. ‘‘असंच होतं,’’ भाचा म्हणाला. मालिकेबद्दल म्हणाला की पाण्याबद्दल, मी विचारलं नाही.

दुसरा भाग रविवारी आला.

सुरुवातीलाच काहीतरी चुकल्याचं जाणवलं, पण काय ते कळेना. ताटात रोजचीच आमटी असावी आणि मीठ पडलेलं नसावं, तसं. मग एक माणूस रस्त्यानं चालत गेला, आणि कळलं. तो चालत नव्हता, सरकत होता. टाच टेकत नव्हती, गुडघ्यात वजन उतरत नव्हतं. चेहरे चपटे झाले होते, रेघ तीच पण मेलेली. एकात एक गुंतवलेल्या तीन-चार गोष्टी धापा टाकत पळत होत्या आणि कुठलीच मनात उतरत नव्हती. काल ज्या गावानं अंगावर काटा आणला होता, त्याच गावात आज कुणी राहत नव्हतं. मी चोरून भाच्याकडं पाहिलं. लहान मुलाला वाढदिवसाला भलतीच वस्तू मिळाली आणि समोर पाहुणे असले की त्याचा चेहरा जसा होतो, तसा त्याचा झाला होता. भाग संपल्यावर तो उठला, ‘‘पाणी आणतो,’’ म्हणाला, आणि स्वयंपाकघरात बराच वेळ राहिला.

मला राग आला. पाच वर्षं कुणाच्या तरी आशेवर खेळून शेवटी हे द्यायचं? तो राग अजूनही पूर्ण गेलेला नाही आणि जावा असंही मला वाटत नाही. जे कमी पडलं ते कमी पडलंच. चार भागांतल्या एकाच भागात जीव होता, ही गोष्ट कुठल्याही कारणानं बदलत नाही.

पण कारणाकडं बघावंसं वाटलंच. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी जातात. जपानी मालिकांत एक चित्र बहुधा तीन चौकटींपर्यंत थांबवतात, म्हणजे हलणाऱ्या पात्राची सेकंदाला आठ चित्रं. ती चालली तर मिनिटाला चारशे ऐंशी. ओसामू तेझुकानं १९६३ मध्ये ‘ॲस्ट्रो बॉय’ दर आठवड्याला द्यायला घेतली तेव्हापासून तिकडं हा हिशेब सुरू आहे: चित्रं कमी करायची आणि जीव मात्र कमी होऊ द्यायचा नाही. हा हिशेब माणसांच्या बोटांवर चालतो. पैसा, वेळ, माणसं यांतलं एक जरी आटलं तर सगळ्यात आधी टाच जमिनीवर टेकायची थांबते. मालिकेच्या एका निर्मात्यानं पुढं जाहीरपणे लिहिलं, त्याचा मथितार्थ असा: मध्येच काहीतरी बिघडलं होतं; काम सोडून द्यावं, नुसता पहिला भाग दाखवून थांबावं, की जमलं तसं पुरं करून चारही भाग दाखवावेत, एवढेच रस्ते उरले होते; ज्यांनी कष्ट घेतले त्यांच्यासाठी शेवटचा निवडला.

हे भाच्यानं मला फोनवर वाचून दाखवलं आणि मी बराच वेळ गप्प राहिलो. मला २०२२ चा हिवाळा आठवत होता.

साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णा आणि वेण्णा भेटतात. वडिलांचा दहावा तिथंच केला. पिंड दगडावर ठेवले आणि आम्ही सगळे मागं सरलो. पलीकडं झाडावर कावळे होते, खूप होते, पण एकही खाली येईना. काकांनी हात जोडून सांगितलं, वहिनींना अंतर देणार नाही. मी सांगितलं, ताईचं माहेर तुटू देणार नाही. कुणी म्हणालं, विहिरीच्या हिश्शाचं बोला, तेही बोलून झालं. एक कावळा उतरला, दोन उड्या मारून जवळ आला, आणि उडून गेला. ऊन चढलं. शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, तिथून भाचा परत आला. तो तेव्हा पंधरा वर्षांचा होता. ‘‘आजोबांचं काय राहिलं असेल रे?’’ त्यानं मला हळूच विचारलं. मला उत्तर माहीत नव्हतं, आजही नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाच्या काड्या घेतल्या, त्यांना गाठ मारली, चोच काढली, दोन पंख काढले. दोन मिनिटांत कावळा झाला. त्यांनी तो पिंडाला लावला आणि म्हणाले, ‘‘झालं. चला आता.’’

त्या क्षणी मला फसवल्यासारखं वाटलं होतं. खरा कावळा झाडावर बसलेला आणि आम्ही गवताच्या कावळ्याकडून समाधान करून घेत होतो. घरी जाताना काका मात्र शांत होते. त्यांच्या हिशेबी विधी पुरा झाला होता. एवढ्या शतकांत किती माणसं अशी उन्हात थांबली असतील, म्हणून कुणीतरी ही तोड काढली असेल. कावळा शिवला नाही म्हणून पिंड तसाच टाकून जाता येत नाही.

त्या चित्रकारांनी तिसरा आणि चौथा भाग काढला, तो असाच काढला असेल का? बिघडलंय हे त्यांना आमच्याआधी कळलं असणार. कळूनही सकाळी येऊन टेबलावर बसायचं आणि न चालणाऱ्या माणसाचं पुढचं पाऊल काढायचं. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हापासून या गावाला नाटक पडणं काय असतं ते माहीत आहे. पण नाटकवाल्याला एक आधार असतो, आजचा प्रयोग पडला तरी उद्याचा असतो. उद्या तोच नट तेच वाक्य वेगळं म्हणतो आणि टाळी घेतो. काढून झालेल्या चित्राला उद्या नसतो.

तिसरा भाग दसऱ्याच्या सुमारास आला, चौथा त्याच्या पुढच्या आठवड्यात. भाच्यानं दोन्ही पाहिले, मीही साताऱ्यात पाहिले. मालिकेच्या शेवटी गोष्टीतले नायक-नायिका गावाच्या पोटात, वेटोळ्यांच्या तळाशी एकमेकांना मिठी मारून थांबतात. चित्र साधारणच होतं. मला वाईट वाटलं ते त्या दोघांचं नाही, आम्हा दोघांचं.

१९९३ साली वाईजवळ आजोळी आम्ही रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ बघायचो. तीही जपानात १९८९ मध्ये बनलेली मालिका, हे मला चाळिशीत कळलं. मोगली आमच्याच खोऱ्यातला वाटायचा. वीज हमखास जायची, आणि जायची ती शेरखान झाडीतून बाहेर पडायच्या वेळीच. मग आम्ही सहा भावंडं अंगणात उरलेला भाग करायचो. मोगली कोण यावरून भांडण आणि पळापळ म्हशीच्या गोठ्यापर्यंत. पुढच्या रविवारी कळायचं की खरा भाग काही वेगळाच होता. त्यातला एकही खरा शेवट मला आज आठवत नाही. गोठ्यातला आठवतो.

भाऊबीजेला ताईकडं गेलो तेव्हा घरात चकल्यांचा वास होता. परातीत वेटोळी पडलेली. ओवाळून झालं, पाटावरून उठलो, तसा भाच्यानं मला गच्चीवर ओढलं. तिथं त्यानं एक जुनं टेबल मांडलं होतं, वर काच, काचेखाली दिवा. शेजारी काळ्या शाईची बाटली आणि टाचणीनं एकत्र केलेले पातळ कागद. त्यानं दुसऱ्या भागातला तो चालणारा माणूस घेतला होता. तोच रस्ता, तीच भिंत, फक्त माणूस त्याला परत काढायचा होता. बारा चित्रं झाली होती. त्यानं ती बोटानं फरकन उलटून दाखवली. माणूस एक पाऊल पुढं आला आणि लटपटला.

‘‘टाचच जमंना,’’ तो म्हणाला. ‘‘मामा, तू चाल ना जरा. चप्पल काढून.’’

गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी चाललो. लांब आयर्विन पुलावरून गाड्यांचे दिवे जात होते आणि खाली नदी होती, हिवाळ्यातली, अंग आखडून बसल्यासारखी. टाच टेकते तेव्हा काय होतं, याकडं मी चाळीस-बेचाळीस वर्षांत एकदाही लक्ष दिलेलं नव्हतं. आधी टाच, मग तळव्याची बाहेरची कड, मग अंगठा; आणि तेवढ्यात दुसरा गुडघा उचललेला असतो. डावा पाय मी किंचित आत टाकतो. वडीलही टाकायचे.

तो जमिनीवर उकिडवा बसला होता, डोळे माझ्या पायांच्या उंचीला आणून.

‘‘परत एकदा, मामा,’’ तो म्हणाला. ‘‘जरा हळू.’’